पहाटेचा प्रकाश आणि तळ्याकाठचे पक्षी

जबलपूर शहराच्या उत्तर भागात अधारताल नावाची वस्ती आहे. वस्तीला हे नाव मिळाले ते तेथील जुन्या तलावावरून, आणि तलावाला मिळाले ते गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीचा दिवाण अधारसिंह कायस्थ याच्यावरून. राणीच्या नावाचा रानीताल, तिच्या दासीचा चेरीताल आणि दिवाणाचा अधारताल, असे तेथील परंपरा सांगते. २४ जून १५६४ रोजी मोगल सैन्याशी लढताना राणी धारातीर्थी पडली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस हा मुलूख मराठ्यांच्या अमलाखाली आला, १८१७ साली तो इंग्रजांकडे गेला आणि १९५६ पर्यंत नागपूर व जबलपूर ही दोन्ही शहरे एकाच प्रांतात नांदली. मराठी माणसाला जबलपूर परके वाटत नाही ते यामुळेच. राज्ये आली आणि गेली. पण पाणी साठवण्यासाठी खणलेल्या या तळ्यांनी आणखी एका समाजाला आश्रय दिला, तो म्हणजे पाणपक्ष्यांचा.

या पक्ष्यांची छायाचित्रे घेण्यासाठी भल्या पहाटे तळ्यावर जाणारा माणूस हे आता नवलाचे दृश्य राहिलेले नाही. थंडीच्या दिवसांत, सूर्य उगवण्याच्या अर्धा तास आधी, तो काठावरच्या एखाद्या झुडपाआड बसलेला असतो. दिवसभर लख्ख ऊन मिळत असताना याच वेळेचा त्याला एवढा सोस का, हा प्रश्न कोणालाही पडावा. त्याचे उत्तर अंशतः आकाशात आहे, अंशतः पक्ष्यांच्या पोटात आहे आणि अंशतः कॅमेऱ्याच्या यंत्ररचनेत आहे.

प्रथम आकाशाचा विचार करू. मध्यान्हीच्या सुमारास सूर्य माथ्याजवळ असतो, तेव्हा त्याचे किरण हवेच्या थरातून जवळजवळ सरळ खाली येतात. तोच सूर्य क्षितिजावर असताना किरणांना हवेतून तिरपा प्रवास करावा लागतो आणि तो माथ्यावरच्या वाटेच्या सुमारे अडतीस पट लांब असतो. या लांब वाटेवर हवेचे सूक्ष्म रेणू प्रकाश इतस्ततः विखुरतात. निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा सुमारे चौपट अधिक विखुरला जातो. म्हणून डोळ्यांपर्यंत सरळ पोहोचणाऱ्या किरणांत तांबूस-पिवळ्या रंगांचा वाटा वाढतो. पहाटेच्या उन्हाला आपण कोवळे म्हणतो, त्यामागे हे गणित आहे. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर आला की वाट साडेपाच पटींवर येते आणि तीस अंशांवर ती केवळ दुप्पट राहते. कोवळेपणा हा असा झपाट्याने ओसरणारा गुण आहे.

तो किती झपाट्याने ओसरतो, हेही सांगता येते. जबलपूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. तेथे सूर्य उगवल्यानंतर ताशी सुमारे साडेबारा ते पावणेचौदा अंश वर चढतो. जानेवारीच्या आरंभी सूर्योदय सात वाजण्याच्या थोडा आधी होतो आणि पावणेआठपर्यंत सूर्याने दहा अंशांची चढण पुरी केलेली असते. जूनमध्ये तोच सूर्योदय साडेपाचच्या आत होतो. म्हणजे मृदू, सोनेरी प्रकाशाची खरी मुदत पाऊण तास ते फार तर सव्वा तास. त्यापूर्वीचा चोवीस-पंचवीस मिनिटांचा संधिप्रकाश निळसर आणि सावलीविरहित असतो. त्यात पक्ष्याची आकृती दिसते, पण पिसांचे रंग अजून जागे झालेले नसतात.

सावलीचा विचारही येथेच करावा लागतो. दुपारचे ऊन वरून पडते. पक्ष्याची पाठ त्यात झगझगते आणि पोट काळवंडते. डोळा तर भुवईच्या सावलीत बुडून जातो. डोळ्यात प्रकाशाचा एक बारीक कण चमकत नसेल, तर छायाचित्रातला पक्षी पेंढा भरून ठेवल्यासारखा भासतो. सकाळचे आडवे किरण थेट बाजूने येऊन छाती, चोच आणि डोळा उजळतात. शिवाय शांत पाण्यावरून परावर्तित झालेला प्रकाश खालून वर येतो आणि पंखांच्या आतल्या बाजूलाही हलका उजेड देतो. तळे हे अशा वेळी निसर्गाने मांडलेल्या आरशाचे काम करते.

आरसा निश्चल राहतो तोही पहाटेच. रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची हवा थंड व जड होऊन तळाशी स्थिरावते आणि वरच्या थरांतील वारा खाली उतरू शकत नाही. ऊन चढले, जमीन तापली की हवा ढवळली जाते, वारा सुटतो आणि पाण्यावर तरंग उठतात. तापलेल्या जमिनीवरून उठणारी हवा लांब पल्ल्याच्या भिंगातून पाहिली असता दृश्य थरथरताना दिसते. कितीही महागडे भिंग असले तरी ही थरथर त्याला दूर करता येत नाही. हिवाळ्यात तळ्यावर जे धुके तरंगते, त्याचेही कारण असेच आहे. पाणी हवेपेक्षा उबदार असते, त्याची वाफ गार हवेत येताच थिजते आणि पांढऱ्या पदरासारखी काठाकाठाने सरकते. सूर्याने हवा तापवली की हा पदर विरून जातो.

आता पक्ष्यांच्या पोटाकडे वळू. पक्ष्याचे शरीर उष्ण असते आणि त्याचा जीवनव्यवहार वेगवान असतो. हिवाळ्याची लांब रात्र त्याने उपाशी काढलेली असते, साठवलेली शक्ती बरीच खर्ची पडलेली असते. म्हणून उजाडताच तो अन्नाच्या मागे लागतो. मध्य भारतातील अशा तळ्यांवर सकाळच्या पहिल्या प्रहरी जे दिसते, ते दुपारी दिसत नाही. ढोकरी काठाच्या चिखलात ध्यानस्थ उभी असते. टिबुकली बुडी मारते आणि भलत्याच ठिकाणी वर येते. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत तोल सांभाळतो आणि मग दगडासारखा खाली कोसळतो. वेडे राघू तारेवर एकमेकांना खेटून ऊन खातात. पाणकावळ्याची पिसे पाण्याने भिजतात, म्हणून बुडी मारून आल्यावर तो पंख पसरून उन्हात वाळवीत बसतो. बदकांच्या थव्यात हळदीकुंकू आणि अडई ही आपल्याकडची बिऱ्हाडे असतात. थापट्या आणि तलवार बदक यांसारखे पाहुणे मात्र हिमालयापलीकडून शरदाच्या सुमारास येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. नेमक्या याच वेळी पक्षी आपापल्या कामात गुंतलेला असतो, आणि कामात गुंतलेला जीव हाच चित्राचा खरा विषय होय.

अधारतालच्या परिसराला आणखी एक लाभ आहे. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १९६४ साली स्थापन झाले ते याच भागात. शेतजमीन, झाडांच्या रांगा आणि पाणी ही तिन्ही जवळजवळ असली म्हणजे पाणपक्ष्यांबरोबर नांगराच्या मागून चालणारे गायबगळे, तारेवरून किडे टिपणारा कोतवाल आणि ऐन निळ्या पंखांचा नीलपंख यांचीही भेट घडू शकते.

तिसरा प्रश्न यंत्राचा, आणि येथे छायाचित्रकाराची खरी अडचण सुरू होते. प्रकाश सर्वांत सुंदर असतो तेव्हाच तो सर्वांत थोडा असतो. सूर्योदयाच्या क्षणी उघड्यावर पडणारा उजेड भर दुपारच्या उजेडाच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. उलट पक्षी तर त्याच वेळी सर्वांत चपळ. सेकंदाला दहा मीटर वेगाने उडणारा पक्षी सेकंदाच्या शंभराव्या भागात दहा सेंटिमीटर पुढे जातो. एवढा वेळ कॅमेऱ्याचा पडदा उघडा राहिला तर चित्रावर पक्ष्याऐवजी पुसट पट्टा उमटेल. तोच पडदा सेकंदाच्या हजाराव्या भागापुरता उघडला तर पक्षी एकच सेंटिमीटर सरकतो आणि चित्र बरेचसे स्पष्ट येते. पण आत शिरणारा प्रकाशही दहा पटींनी घटतो. ही तूट भरून काढण्याचे मार्ग दोनच. एक तर भिंगाचे छिद्र मोठे ठेवावे. मग चोच स्पष्ट आणि शेपटी अस्पष्ट, असा प्रकार होण्याचा संभव असतो. नाही तर फिल्म किंवा आजच्या डिजिटल कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी अधिक संवेदनशील करावी; मग चित्रात रवाळपणा येतो. जाणता छायाचित्रकार म्हणून वेळेची वाटणी करतो. पहिल्या अंधूक उजेडात तो स्थिर उभ्या बगळ्याकडे वळतो आणि उडणाऱ्या पक्ष्यांसाठी सूर्य हातभर वर येण्याची वाट पाहतो.

प्रकाश मोजण्यातही फसगत होते. कॅमेऱ्यातील मापक हा जगाची सरासरी काढणारा हिशेबनीस आहे. काळ्या पाण्यावर शुभ्र बगळा उभा असेल तर मापक पाण्याकडे पाहून अधिक प्रकाश आत घेतो आणि बगळ्याची पिसे पांढऱ्या कागदासारखी कोरी होऊन जातात. उजळ आकाशासमोर पाणकावळा बसला असेल तर उलट घडते; तो कोळशासारखा उमटतो. ढोकरीची गंमत याहून निराळी आहे. बसलेली असताना ती मातकट, चिखलाशी एकरूप झालेली दिसते. उडाली की तिचे पांढरेशुभ्र पंख एकाएकी उलगडतात. बसलेल्या ढोकरीसाठी केलेले मोजमाप उडणाऱ्या ढोकरीच्या कामी येत नाही. म्हणून यंत्राइतकाच पक्ष्याचा स्वभावही ठाऊक असावा लागतो.

उभे कोठे राहावे, हा दिसायला साधा पण निर्णायक प्रश्न. सकाळी तळ्याच्या पूर्व काठावर बसले की सूर्य पाठीशी राहतो आणि पक्षी उजळून निघतो. छायाचित्रकाराची स्वतःची लांब सावली पक्ष्याच्या रोखाने पडत असेल तर प्रकाशाची दिशा साधली, असे समजावे. मात्र ती पक्ष्यावर पडता कामा नये. पश्चिम काठावरून पाहिले तर सूर्य समोर येतो. तेथून पक्ष्याची काळी आकृती, तिच्या कडेला सोनेरी रेघ आणि पंखांतून झिरपणारा उजेड मिळतो. पूर्व म्हणजे नेहमी तीच पूर्व नव्हे, हेही ध्यानात ठेवावे लागते. जबलपूरला हिवाळ्याच्या मध्यावर सूर्य ठीक पूर्वेच्या सुमारे पंचवीस अंश दक्षिणेस उगवतो आणि जूनमध्ये तितकाच उत्तरेस. जी जागा पौषात उत्तम, ती ज्येष्ठात निरुपयोगी ठरू शकते.

या छंदाचा इतिहास फार जुना नाही, पण तो कष्टाचा आहे. फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियेन-ज्यूल मारे याने १८८२ साली बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. त्याने सेकंदाला बारा चित्रे घेता येत. उडत्या पक्ष्याच्या पंखांची हालचाल त्यातून उलगडली. बंदुकीचा घोडा ओढायचा, पण पक्षी जिवंत राहायचा, ही कल्पनाच त्या काळी नवी होती. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी या कीर्टन बंधूंनी १८९२ पासून घरट्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला. पक्ष्यांना संशय येऊ नये म्हणून त्यांनी बैलाच्या कातड्याचा पोकळ बैल तयार करून त्यात दडून बसण्यापर्यंत मजल मारली होती. भारतात लोथर यांनी केलेल्या दीर्घकाळच्या कामाचे पुस्तक १९४९ साली प्रसिद्ध झाले, आणि सालिम अली यांचे स्नेही लोके वान थो यांच्या पक्षिचित्रांचा ग्रंथ १९५७ साली आला. जड कॅमेरा, काचेच्या पट्ट्या किंवा मोजकी फिल्म आणि मचाणावर घालवलेले दिवस, यांतून त्यांना एकेक चित्र मिळे. आजचा कॅमेरा सेकंदाला दहा-वीस चित्रे सहज घेतो. तंत्र सोपे झाले. परंतु त्याबरोबर काठावर येणाऱ्यांची संख्या वाढली आणि एक जुना प्रश्न नव्याने उभा राहिला.

तो प्रश्न असा की, चित्राची किंमत कोण मोजतो? छायाचित्रकार झोप मोडतो, थंडीत कुडकुडतो. ही किंमत त्याने स्वखुशीने दिलेली असते. पण दोन पावले पुढे जाण्याच्या मोहाने त्याने थवा उठवला, तर किंमत पक्ष्याला मोजावी लागते. वारकरी पक्षी पाण्यावरून बराच अंतर धावत जातो तेव्हा कोठे हवेत उठतो. रात्रभर उपाशी असलेल्या त्या जीवाला ही धाव फुकटची नसते. खाण्याची वेळ गेली, शक्ती गेली. आणि परतीच्या हजारो किलोमीटरच्या प्रवासासाठी अंगी चरबी साठवायची असते ती याच महिन्यांत. मान ताठ करून पाहणे, चरणे थांबवणे, एका दिशेने हळूहळू सरकू लागणे, ही पक्ष्याची भाषा आहे. ती वाचता आली की तेथेच थांबायचे असते.

घरट्याच्या बाबतीत तर अधिकच संयम हवा. प्रकाश यावा म्हणून आड येणारी डहाळी छाटली की चित्र स्वच्छ येते. पण तीच डहाळी पिलांवरची सावली होती आणि कावळ्यापासून, शिक्र्यापासून आडोसाही होती. चित्र घेणारा घरी जातो, उघडी पडलेली पिले तेथेच राहतात. कमळपक्षी पावसाळ्यात पाणवनस्पतींच्या तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि ती उबवण्याचे काम नर करतो. तो घाबरून दूर गेला तर अंड्यांना राखण उरत नाही. वन्य जीव संरक्षण अधिनियम १९७२ साली झाला आणि संरक्षित पक्ष्यांच्या अंड्यांना व घरट्यांना हानी पोहोचवणे त्याने गुन्हा ठरवले. तथापि पहाटेच्या एकांतात पहारा द्यायला कायदा येत नाही. तेथे माणसाचा विवेकच पहारेकरी असतो. म्हणूनच लपणात उजाडण्यापूर्वी शिरावे, पक्षी येण्याआधी स्थिर व्हावे आणि पक्षी आपणहून जवळ येईल तेवढाच जवळून टिपावा, ही जुन्यांची शिस्त आजही खरी आहे. तीत पक्ष्याचे हित आहे आणि चित्राचेही. कारण भ्यालेला पक्षी नैसर्गिक दिसत नाही.

अशा संयमाने घेतलेले चित्र केवळ शोभेची वस्तू राहत नाही. त्यावर दिनांक आणि स्थळ असले की ते साक्ष देते. अमुक तळ्यावर अमुक दिवशी अमुक पक्षी होता, पिले घेऊन होता, एवढे ते निःसंशय सांगते. देशभरच्या सुमारे तीस हजार पक्षिनिरीक्षकांच्या नोंदींवरून २०२३ साली भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा एक अहवाल सिद्ध झाला. त्यात ९४२ जातींचा विचार झाला आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष देण्याची गरज दिसून आली. हे आकडे प्रयोगशाळेत जन्मलेले नाहीत; काठाकाठावर पहाटे उभ्या राहिलेल्या सामान्य माणसांच्या वह्यांतून आणि नोंदींतून ते गोळा झालेले आहेत. पाणवनस्पती काढून तळे स्वच्छ करायचे, तर ते काम कमळपक्ष्याची वीण आटोपल्यावर करावे, अशी मागणी करायची असेल, तर पानावर अंडी उबवणाऱ्या नराचे एक चित्र पुष्कळ युक्तिवादाचे काम करू शकते.

आणि अशा साक्षीची गरज जबलपूरसारख्या शहरात मोठी आहे. बावन्न तलावांचे शहर ही त्याची जुनी ख्याती. आज चेरीताल, रानीताल ही नावे लोकांच्या तोंडी येतात ती बहुधा वस्त्यांची नावे म्हणूनच. तळे बुजते ते प्रथम काठावरून. आधी उथळ चिखल नाहीसा होतो आणि त्याबरोबर ढोकरी, तुतवार, शेकाट्या यांचे ताट नाहीसे होते. पाणी शिल्लक राहिले तरी प्रकाश हिरावला जाऊ शकतो. सूर्य दहा अंशांवर असताना दहा मीटर उंचीच्या इमारतीची सावली सुमारे सत्तावन्न मीटर लांब पडते आणि पाच अंशांवर असताना ती एकशे चौदा मीटरांवर जाते. पूर्व काठावर अशा इमारतींची रांग उभी राहिली की सकाळचे कोवळे ऊन पाण्यावर पोहोचण्यापूर्वीच प्रौढ झालेले असते. छायाचित्रकाराला ते आधी जाणवते इतकेच. खरे नुकसान रात्रीच्या गारठ्यानंतर उन्हाची वाट पाहणाऱ्या पक्ष्याचे होते.

साडेचारशे वर्षांपूर्वी ज्यांनी या प्रदेशात तळी बांधली, त्यांच्या मनात माणसांच्या तहानेचा विचार होता. त्यांच्या त्या पुण्याईवर पाखरांनी आपला हक्क सांगितला आणि कोणी तो नाकारला नाही. पहाटे काठावर निमूट बसणारा छायाचित्रकार त्या हक्काची रोज नवी नोंद करीत असतो. ज्या तळ्यावर सूर्योदयाच्या वेळी टिपण्यासारखा पक्षी आहे, ते तळे अजून जिवंत आहे. आणि ज्या दिवशी तेथे केवळ उत्तम प्रकाश उरेल, त्या दिवशी त्या प्रकाशात पाहण्यासारखे फारसे काही उरलेले नसेल.